थेट दुसऱ्या वर्षाला

मिऱ्या, रत्नागिरी
९ मार्च १९८६

अहो,

पत्राच्या सुरुवातीला तुमचं नाव लिहावं म्हणून पेन टेकवलं आणि हात थांबला. आई तुम्हाला दादू म्हणतात, आप्पा दाद्या म्हणतात, आणि मी लग्न झाल्यापासून नुसतं अहो म्हणते. तेव्हा तेच राहू दे. बोटीवर पत्रं वाटताना कुणी विचारलं तर सांगा, हो, माझंच नाव ते.

तुम्ही गेल्यापासून घर तसं ठीक आहे. आई अजून चार माणसांचा भात टाकतात आणि मग म्हणतात, कोंबड्यांना लागतो. आप्पा संध्याकाळी बंदरावर जाऊन बसतात. कुठली लाँच आली, कुणाला काय मिळालं, सगळं जेवताना सांगतात. आधी मला वाटायचं ते आईंना सांगतायत. परवा आई पाणी आणायला उठल्या तरी सांगत राहिले, तेव्हा कळलं की मलाच सांगतायत.

तुमची सायकल मी घेतली आहे. मिऱ्यापासून कॉलेजपर्यंत सकाळचा वारा तोंडावर येतो, पदर कमरेला घट्ट खोचावा लागतो. नवी सून सायकलवर फिरते म्हणून कुणीतरी आप्पांपाशी बोललं. आप्पा त्याला म्हणाले, एसटीने तिला उशीर होतो. विषय संपला.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आलाय ते तुम्हाला लग्नाच्या गडबडीत सांगितलं होतं, तुम्ही हूं म्हणाला होतात. त्याची खोली थंड ठेवतात. देवळात शिरावं तसे आम्ही चपला बाहेर काढून आत जातो. या आठवड्यात माझी पाळी होती. मी त्याला पाढे म्हणायला लावले. एकोणतिसाचा पाढा तो माझा श्वास पुरा व्हायच्या आत म्हणून मोकळा झाला आणि मग थांबेचना. एकोणतीस दोनशे वेळा, तीनशे वेळा, हजार वेळा, आकडे वर वर पळत सुटले. पोरं हसायला लागली. मुकादम सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "थांब म्हणून सांगायला तू विसरलीस. तो सांगितल्याबाहेर काही करत नाही." मी घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. सायकलवर एकटीने हसणारी बाई बघून लोकांना काय वाटलं असेल ते असो.

तुम्ही एमआयडीसीतल्या कारखान्यात माझ्या नोकरीबद्दल बोलून ठेवलंय ते लक्षात आहे. डिप्लोमाचं हे शेवटचं वर्ष एकदा सुटलं की बघू. मुकादम सर वेगळंच काही बोललेत, पण ते कच्चं आहे. नक्की झालं की लिहीन.

जेवण नीट करा. इंजिनरूममधल्या उकाड्यात मीठ घालून पाणी प्यायचं, हा आईंचा निरोप.

मालन


मिऱ्या, रत्नागिरी
११ मे १९८६

अहो,

परीक्षा झाली. पेपर बरे गेले. आता माझं काम अंगणात. आईंनी ताटंच्या ताटं आंबापोळी घातलीय आणि मी काठी घेऊन कावळे हाकते. तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकून शेवटी हे, असं मी म्हटलं, तर आई म्हणाल्या की कावळा डिप्लोमाला घाबरत नाही, काठी जोरात आपट.

काल दुपारी मुकादम सर घरी आले. मी हात आमरसाने माखलेले घेऊन उभी. त्यांनी आप्पांना समजावून सांगितलं की डिप्लोमाला चांगले मार्क पडले तर इंजिनिअरिंगच्या डिग्रीला पहिलं वर्ष सोडून थेट दुसऱ्या वर्षाला जागा मिळते. जागा मोजक्या असतात. कोल्हापूरला नवं कॉलेज निघालंय, तिथे कॉम्प्युटरची डिग्री आहे. तीन वर्षं. रत्नागिरीतून अजून कुणी मुलगी अशी गेलेली त्यांच्या माहितीत नाही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण शिकून झालं ना तिचं?"

सर म्हणाले, "झालं असं तुम्हाला वाटतं. तिला विचारा."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. आई पोळी उलटत होत्या, त्यांनी बघितलं नाही. मला काय झालं माहीत नाही. तोंडात आलं ते बोलून गेले. "नाही झालं," म्हटलं.

आई उठून आत गेल्या आणि सरांसाठी कोकमाचं सरबत घेऊन आल्या. ते इतकं गोड होतं की सरांनी दोन घोटांत पेला ठेवला. आईंचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

तर असं आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही. सर म्हणतात, चौकशी करायला काय जातं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. कारखान्याची नोकरी वाईट नाही हे मला कळतं. पगारी, घरच्या घरी, पाच वाजता मोकळी. तुम्ही परत याल तेव्हा मी इथेच असेन, हेही कळतं.

एक पोळी पातळ झाली होती, ती सुकून कागदासारखी झाली. पाकिटात घालून पाठवणार होते, आप्पा म्हणाले बोटीवर पोचेपर्यंत मुंग्यांची डिग्री होईल.

मालन


मिऱ्या, रत्नागिरी
२९ जून १९८६

अहो,

निकाल लागला. पहिल्या वर्गात, विशेष प्रावीण्यासह. आमच्या शाखेत दुसरी. आप्पांनी बंदरावर पेढे वाटले. ज्याने सायकलबद्दल तक्रार केली होती त्याला दोन दिले.

राजापूरहून माझे वडील आले होते. ते आप्पांना म्हणाले, आता ती तुमची, तुम्ही म्हणाल तसं. आप्पा म्हणाले, मी म्हणायचं केव्हाच सोडलंय.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रात अजून काही ठरवलेलं नाही असं लिहिलं होतं. ते पत्र आणि कोल्हापूरच्या कॉलेजचा अर्ज मी एकाच सकाळी, एकाच पेटीत टाकले. अर्ज आधी टाकला. जागा मिळाली नसती तर तुम्हाला हे कळायचं कारणच नव्हतं, असं मनाशी म्हटलं होतं. पण आता मुलाखतीला बोलावणं आलंय, जुलैच्या शेवटी.

त्याच आठवड्यात तुमचं पत्र आलं. डर्बनहून टाकलेलं. माझ्या मेच्या पत्राच्या आधीचं असणार, कारण त्यात त्याचा काही उल्लेख नाही. तुम्ही लिहिलंय, अजून एक-दोन फेऱ्या करीन आणि मग बंदरावर लाँचची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकीन, तू नोकरीला जाशील, मी दुकानात, संध्याकाळी दोघं मिळून फिरायला जाऊ. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. इतकं सुंदर पत्र यायला नेमका हाच आठवडा मिळाला.

आई बोलत नाहीत. रागाने नाही. भांडी घासतात, मासे साफ करतात, मला वाढतात, सगळं नेहमीसारखं, फक्त आवाज नाही. काल मी त्यांच्या शेजारी नारळ खोवायला बसले. अर्धा नारळ खोवून झाला. मग त्या म्हणाल्या, "पोरगा दर्यात. सून घाटावर. मी काय कोंबड्यांशी बोलत बसू?"

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं सासू म्हणजे धाक. इथे येऊन बघते तर दिवसभर गप्पा मारायला माणूस हवं म्हणून ही बाई मी कॉलेजातून यायची वाट बघत दारात बसते. त्यांना सोडून जायचं म्हटलं की माझाच पाय निघत नाही. पण मुलाखतीचा कागद मी उशीखाली ठेवलाय, तोही खोटा नाही.

तुमचं उत्तर येऊ दे लवकर.

मालन


मिऱ्या, रत्नागिरी
२ ऑगस्ट १९८६

अहो,

बसून वाचा. मोठं पत्र आहे.

मुलाखतीला आप्पा येणार होते माझ्यासोबत. आदल्या दिवशी शेवाळावर घसरले आणि घोटा हा एवढा सुजला. हाड मोडलेलं नाही, काळजी करू नका, आता चालतात. पण त्या दिवशी उठता येईना. मी म्हटलं, एकटी जाते. आईंनी नऊवारी बदललं, डब्यात भाकरी आणि सुकट भरली आणि माझ्या आधी एसटी स्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या.

आंब्याचा घाट चढताना त्यांनी खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ढग खाली आले, बाहेर काही दिसेना. मी विचारलं, भीती वाटते का. त्या म्हणाल्या, "समुद्रात कसं, पडलं तर पोहता येतं." साखरप्यापासून शाहूवाडीपर्यंत हे एकच वाक्य.

कॉलेज नवं म्हणजे अगदीच नवं. अर्ध्या इमारतीला गिलावा नाही. मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. एकाने माझे मार्क बघितले आणि सांगितलं की डिप्लोमाची मुलं गणितात मागे पडतात, पहिल्या वर्षाचं गणित वेगळं द्यावं लागतं, नाहीतर पुढे जाता येत नाही. तुम्ही काय करणार? मी म्हटलं, "मागे पडेन सर. मग अभ्यास करीन." मधले हसले. मग त्यांनी मंगळसूत्राकडे बघून विचारलं, मिस्टरांची परवानगी आहे का. मी खरं ते सांगितलं की मिस्टर बोटीवर आहेत, विचारलंय, उत्तर यायचंय. तिघांतले एक उठून दाराबाहेर गेले. बाकावर आई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना विचारलेलं मला आत ऐकू आलं, आणि त्यांचं उत्तरही.

"परवानगी कसली वो? मी आलंय ना सोबत."

मला जागा मिळाली. कॉम्प्युटर, थेट दुसऱ्या वर्षाला. मी बाहेर येऊन सांगितलं, आणि आईंनी पहिलं काय विचारलं तर, आता तरी जेवायचं का.

जेवण्याआधी वसतिगृह बघायला गेलो. मुलींचं वसतिगृह म्हणजे पाया. नुसता पाया, त्यात गुडघाभर पाणी आणि बेडूक. गवंड्याला विचारलं तर म्हणाला, दिवाळीला स्लॅब पडंल. कुठल्या दिवाळीला ते त्यालाही सांगता येईना. माझं सगळं अवसान गेलं. दगडांच्या ढिगावर बसले. इथला दगड काळा कुळकुळीत, आपल्या जांभ्यासारखा नाही, बसलं तर टोचतो. मी म्हटलं, संपलं, परक्या गावात एकटी कुठे राहणार मी.

आई भाकरी मोडत होत्या. "एकटी कोण म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "खोली बघूया. मी राहीन."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी सुकटीचा घास घेतला, सावकाश खाल्ला, आणि मग सांगितलं की लग्न झाल्यापासून त्या मिऱ्याच्या बाहेर फार तर राजापूरला गेल्या, तेही तुम्हाला मुलगी बघायला. आप्पा वल्हवत मालवणपर्यंत गेले, तुम्ही तर दुनिया फिरता. घाटाच्या वर काय असतं ते त्यांनीही एकदा बघायला काय हरकत आहे. म्हणाल्या, "त्या दिवशी कोंबड्यांशी बोलू काय म्हटलं, तेव्हा तुला जाऊ नको म्हणत नव्हते गो. मला सोडून जाऊ नको म्हणत होते."

मी तिथेच रडायला लागले आणि गवंडी काम थांबवून बघायला लागले.

खोली त्याच दुपारी मिळाली, कॉलेजपासून चालत जाण्याजोगी. मालकीणबाई गंगुबाई, नवरा नाही, आवाज पाटलाचा. दोघींनी एकमेकींना नखशिखान्त बघून घेतलं. गंगुबाई म्हणाल्या, मासं-बिसं घरात चालणार न्हाई. आई म्हणाल्या, बरं. त्या बरंमध्ये काय होतं ते मला ठाऊक होतं, गंगुबाईंना कळायचंय.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते घोटा उशीवर ठेवून पडले होते. म्हणाले, "आणि मी?"

आई म्हणाल्या, "तुम्हाला भात टाकता येतो."

आप्पांनी घोटा उशीवर नीट ठेवला. मग म्हणाले, हो, येतो की.

आम्ही परवा निघतोय. तुमचं उत्तर अजून नाही. मी वाट बघितली नाही, हे तुम्हाला लागेल. पण जागेची मुदत थांबली नसती. पत्ता खाली लिहिते.

मालन


कोल्हापूर
२६ ऑगस्ट १९८६

अहो,

वर्गात शिरले तेव्हा सगळे आधीपासून एकमेकांना ओळखत होते. पहिलं वर्ष त्यांनी एकत्र काढलंय, आम्ही डिप्लोमावाले मध्येच उतरलेले पाहुणे. आम्ही तिघंच, तिसऱ्या बाकावर. वर्गात माझ्यासकट मुली तीन, बाकी दोघी मला पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या. साडी नेसून गेले होते ना.

गणिताच्या सरांनी फळ्यावर एक चिन्ह काढलं, लांब वाकडं, माशाच्या गळासारखं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येऊन आईंना म्हटलं, मला काहीच कळलं नाही. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी चार. कॉलेजात आयुष्यात कधी इतके कमी पडले नव्हते. आईंनी विचारलं, चार म्हणजे पास का. नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, शून्य नाही ना, मग कुठेतरी सुरुवात झाली.

पण प्रॅक्टिकलला मजा येते. या मुलांनी हातात सोल्डरिंग आयर्न कधी धरलेली नाही. त्यांची जोडणी सुटते, आमची पक्की. तेव्हा आमचा सौदा झालाय. मी त्यांना जोडणी शिकवते, ते मला इंटिग्रेशन. पुढच्या बाकावरची मुलगी तर आता आमच्या खोलीवरच येते, कारण इथे शिकवणीबरोबर सोलकढीही मिळते.

गंगुबाईंचं सांगायचं राहिलं. आईंनी दुसऱ्याच आठवड्यात सुकट भाजली. गंगुबाईंनी धाडकन खिडकी लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा भाजली, पुन्हा खिडकी. गेल्या रविवारी खिडकी लागली नाही. थोड्या वेळाने गंगुबाई दारात, हातात वाटी. म्हणाल्या, नुसती चव बघते. आता त्या आईंना रस्सा शिकवतात आणि आई त्यांना कोकम वापरायला शिकवतात. दोघी मिळून पंचगंगेवर फिरायला गेल्या. आईंना नदी आवडली नाही. सकाळी बघावी तशीच संध्याकाळी, म्हणाल्या, हिला भरतीच नाय.

तुमचं पत्र नाही. आप्पांकडेही आलेलं नाही. मी रोज टपाल बघते आणि बघितलं नाही असं दाखवते.

मालन


मिऱ्या, रत्नागिरी
१३ सप्टेंबर १९८६

अहो,

गणपतीला घरी आलो आणि तुमचं पत्र इथे माझी वाट बघत होतं. आप्पांनी ते फळीवर समईमागे ठेवलं होतं. फोडलं नव्हतं, पण पातळ आहे हे त्यांना हातालाच कळलं असावं, कारण ते माझ्या हातात ठेवून लगेच अंगणात गेले. चार ओळी. मला विचारायला हवं होतंस. मी कुणासाठी परत येऊ. तुला योग्य वाटेल ते कर. तब्येतीची काळजी घे.

पहिल्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही. गणपती आणला, आरत्या केल्या, मोदक केले. काल गौरी-गणपती गेले. आता लिहिते.

तुम्ही बोटीवर गेलात तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. लग्नाच्या आधीच ठरलेलं होतं. मी रागावले नाही. निघताना तुमचं ते लोखंडी ट्रंक उचलणं, आप्पांच्या पाया पडणं, हे बघून मला इतका अभिमान वाटला होता की रडू यायचं विसरले. इतक्या मोठ्या जहाजाचं इंजिन माझ्या नवऱ्याच्या हाताने चालतं, हे मी कॉलेजात सगळ्यांना सांगितलंय. तुम्ही दूर जाता म्हणून मी कमी तुमची होत नाही. मग मी घाट चढले तर तुम्ही कमी माझे कसे होता?

मला कॉम्प्युटर आवडतो. हे कारण लहान वाटेल. पण मला दुसरं कुठलं कारण मिळालं नाही आणि खोटं मोठं कारण द्यायचं नाही. त्याच्यासमोर बसले की मला वेळ कळत नाही. तुम्हाला इंजिनाचं होतं तसंच. तुम्हीच सांगितलं होतंत की नुसत्या आवाजावरून कुठला भाग दुखतोय ते कळतं, आणि ते सांगताना तुमचा चेहरा जसा झाला होता तो मला अजून दिसतो. मी त्या चेहऱ्याशी लग्न केलंय. माझा चेहरा तसा होतो तेव्हा तुम्ही बघायला नसता, एवढंच.

कुणासाठी परत येऊ, असं विचारलंत. माझ्यासाठी या. मी जिथे असेन तिथे.

आईंना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलंय ते जसंच्या तसं लिहिते.

"दादू, मी तुझी आई बोलतंय. तुझं पत्र ऐकलं. चार ओळी लिवायला तुला एवढं दिवस लागलं काय? पोरगी रात्रंदिस अभ्यास करत्ये. तिला गणित येत नाय, तरी बसत्ये. तू लहानपणी पोहायला शिकलास तेव्हा किती पाणी गिळलंस ता मला ठाव हाय. मी काठावर उभी व्हते. आता हिच्या काठावर उभी हाय. तू येऊन माझ्या बाजूला उभा रहा, नायतर गप बस. बाकी मी बरी हाय. कोल्हापुरात ओला मासा मिळत नाय, तेवढी एकच अडचण."

यात मी काही घातलेलं नाही, काढलेलंही नाही.

मालन


कोल्हापूर
९ नोव्हेंबर १९८६

अहो,

तुमचा फोन येऊन गेला त्याला पंधरा दिवस झाले, पण मला अजून नीट लिहिता येत नाहीये.

मी प्रॅक्टिकलला होते. ऑफिसचा शिपाई धावत आला, मालनबाई, सिंगापूर. मला वाटलं सिंगापूर म्हणजे काहीतरी वाईट. तशीच पळत गेले. फोन कानाला लावला तर नुसती खरखर, आणि मग त्यातून तुम्ही. आठ महिन्यांनी आवाज ऐकला. तुम्ही म्हणालात, "पत्र लिहिलं तेव्हा मी रागावलो नव्हतो, मालन. नुसता एकटा होतो." मग खरखर. मी हॅलो हॅलो ओरडत होते आणि हेडक्लार्क माझ्याकडे बघत होते. मग तुमचा आवाज एकदम शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. "गणित सुटतंय का?"

एवढंच. लाइन तुटली. मी फोन खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून रडायला लागले, मग हसायला लागले. हेडक्लार्क घाबरले. म्हणाले, बाई, घरी सगळं ठीक आहे ना, काय म्हणाले मिस्टर? मी म्हटलं, गणित विचारलं.

सुटायला लागलंय. हे तेव्हा सांगायचं राहिलं. गेल्या चाचणीत पंचवीसपैकी सोळा. तो माशाचा गळ आता मला घाबरवत नाही. तो सांगतो काय तर लहान लहान तुकडे सगळे धरून जोड. एवढं साधं असून पहिले दोन महिने मला कुणी तसं सांगितलं नाही. डिसेंबरात विद्यापीठाची परीक्षा आहे.

दिवाळीला घरी गेलो होतो. आप्पांनी स्वतः चकल्या केल्या होत्या. त्या चावता येत नव्हत्या, पण आईंनी तीन खाल्ल्या.

मालन


कोल्हापूर
२८ जानेवारी १९८७

अहो,

हे पत्र तुमच्या मुंबईच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. बोट लागली की हातात पडेल.

मी पास झाले. दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्रही सुटलं आणि पहिल्या वर्षाचं गणितही. यादी लागली तेव्हा इतकी गर्दी होती की मला दिसेना. माझ्या मैत्रिणीने पुढे घुसून बघितलं आणि तिथूनच ओरडली. आम्ही तिसऱ्या बाकावरचे तिघंही पास झालो. आता आम्हाला पाहुणे कुणी म्हणत नाही. मुकादम सरांना तार केली. आई निकाल ऐकून गंगुबाईंकडे गेल्या, आणि दोघींनी मिळून गल्लीला खीर वाटली. गंगुबाई सगळ्यांना सांगत होत्या, आमची सून पास झाली. आमची.

तुम्ही सहा फेब्रुवारीला बोटीवरून उतरता असं लिहिलंत. आधी घरी जाऊन, देवाला नारळ ठेवून मग कोल्हापूर, असं आईंचं म्हणणं होतं. पण त्यात एक अडचण झाली आहे. आप्पा इथे आहेत. संक्रांतीला दोन दिवस म्हणून नारळाची गोणी घेऊन आले ते अजून आहेत. गंगुबाईंच्या पडवीत बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटींच्या गोष्टी सांगतात. ज्या गल्लीने समुद्र बघितलेला नाही तिथे त्यांना बंदरापेक्षा जास्त ऐकणारी माणसं मिळाली आहेत. कोंबड्या शेजारी ठेवल्यात. मिऱ्याच्या घराला कुलूप आहे. तेव्हा तुम्ही मुंबईहून त्याच रात्री सरळ कोल्हापूरची गाडी पकडा. देवाला नारळ आपण सगळे मिळून आंब्याच्या दिवसांत ठेवू.

दुकानाचं तुम्ही लिहिलंत की अजून तीन वर्षं बोट करतो, तुझी डिग्री होऊ दे, मग दोघं मिळून ठरवू कुठे काय टाकायचं. मी ते वाक्य आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, शिकला हो माझा दादू. मी म्हटलं, हो, थेट दुसऱ्या वर्षाला.

सुट्टीचे अडीच महिने इथे कसे जातील याची काळजी करू नका. गंगुबाईंचा पाण्याचा पंप बिघडलाय, त्यांनी तुमच्यासाठी राखून ठेवलाय. संध्याकाळी आपण दोघं पंचगंगेवर फिरायला जाऊ. तिला भरती नाही, पण घाटाच्या पायऱ्या बसायला चांगल्या आहेत. आणि कॉम्प्युटरची खोली दाखवीन. सरांची परवानगी काढली आहे, चपला बाहेर काढायच्या.

स्टँडवर उतरलात की रिक्षा करू नका, सामान असेल तरी. बस कॉलेजच्या फाट्यावर थांबते. तिथल्या पानवाल्याला रत्नागिरीच्या यमुनाबाईंची खोली विचारा, आईंना तो चांगला ओळखतो, पोचवून देईल. आई भात टाकून बसलेल्या असतील, सकाळपासूनच.

मी मात्र तुम्हाला घ्यायला येणार नाही. तुम्ही पोचाल त्या दिवशी चारपर्यंत माझं प्रॅक्टिकल आहे आणि आमचा प्रोग्राम अजून चालत नाहीये. तुम्ही जेवून घ्या, थोडं पडा. चारनंतर कॉलेजच्या फाटकापाशी आलात तर बरं. मी पळत येईन.

मालन